घराला ‘डी’ का मिळाला? ब्रिटनमधलं ईपीसी कसं ठरतं आणि कसं वाचायचं

इंग्लंडमध्ये घर शोधायला लागलं की जाहिरातीत भाडं, बेडरूम, काउन्सिल टॅक्स आणि त्यांच्या खाली एक अक्षर दिसतं. ईपीसी सी, ईपीसी डी, कधी ई. ईपीसी म्हणजे एनर्जी परफॉर्मन्स सर्टिफिकेट, घर उबदार ठेवायला किती ऊर्जा आणि खर्च लागावा हे सांगणारं प्रमाणपत्र; ए सगळ्यात चांगलं, जी सगळ्यात वाईट. नव्यानं आलेली मराठी मंडळी मला दोनच प्रश्न विचारतात. एक, “डी आहे, घेऊ का?” आणि दुसरा, थोडा रागानं, “आमचं सी आहे, तरी गॅसचं बिल एवढं कसं येतं?” मी कॉव्हेंट्रीत राहते आणि घरोघरी जाऊन ही प्रमाणपत्रं तयार करणं हाच माझा व्यवसाय आहे. इकडे या कामाला डोमेस्टिक एनर्जी असेसर म्हणतात. सांगलीत सिव्हिलचा डिप्लोमा केला तेव्हा इमारत उभी कशी राहते ते शिकले होते; घर ऊब कशी गमावतं ते इकडे शिकले.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकीचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. ईपीसी करताना मी तुमची बिलं मागत नाही. मीटर कुठल्या प्रकारचा आहे एवढं बघते, त्यावरचा आकडा टिपत नाही. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, स्वयंपाकाची शेगडी यांच्याकडेही बघत नाही. आपल्याकडे फ्रिज-एसीवर बीईईचे तारे असतात, त्यामागे प्रयोगशाळेतली चाचणी असते. ईपीसीमागे तशी चाचणी नसते. घराच्या भिंती, छप्पर, खिडक्या, बॉयलर (घर आणि पाणी गरम करणारं यंत्र) यांची नोंद करायची, ती सॉफ्टवेअरला द्यायची आणि हे घर वर्षभर उबदार ठेवायला, त्यात गरम पाणी आणि दिवे पुरवायला किती खर्च यावा याचा हिशेब काढायचा, असं ते काम आहे. या हिशेबपद्धतीला सॅप म्हणतात. ती १९९३ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झाली. जुन्या घरांसाठी तिचीच आटोपशीर आवृत्ती वापरतात, तिचं नाव आरडीसॅप. प्रमाणपत्रं मात्र २००७ पासून द्यायला लागले.

हा हिशेब तुमच्या कुटुंबाचा नसतो, एका ठरीव कुटुंबाचा असतो. सॉफ्टवेअर माणसं मोजत नाही, क्षेत्रफळावरून ठरवतं. नव्वद चौरस मीटरच्या घरात साधारण २.६ माणसं राहतात असं ते धरतं. बैठकीच्या खोलीत २१ अंश तापमान आणि बाकीच्या खोल्यांत त्याहून कमी. हीटिंग दिवसात नऊ तास, म्हणजे सकाळी सात ते नऊ आणि दुपारी चार ते रात्री अकरा. आता आपल्या घरांचा विचार करा. भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, त्यांना २१ अंशांत थंडी वाजते, तान्हं बाळ आहे, एकजण घरून काम करतो, म्हणजे बॉयलर दिवसभर चालू. बिल दुप्पट आलं तर त्यात ईपीसी खोटं ठरत नाही. त्यानं हे घर त्याच्या ठरीव कुटुंबाला किती महाग पडेल एवढंच सांगितलं होतं. सगळ्या घरांना एकच कुटुंब लावल्यामुळे दोन घरांची तुलना करता येते, हा त्याचा खरा उपयोग.

आता आकडा कसा निघतो ते बघू. वर्षाचा हिशेबी खर्च पौंडांत काढतात. त्याला घराच्या क्षेत्रफळानं भागतात, पण क्षेत्रफळात आधी ४५ मिळवून, म्हणजे लहान घरांवर अन्याय होत नाही. त्यातून एक गुणांक निघतो आणि तो १ ते १०० च्या मापावर बसवतात. ऊर्जेवर शून्य खर्च असेल तर १००. छपरावर सोलर पॅनल्स लावून घर स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त वीज ग्रिडला देत असेल तर १०० च्याही वर जातं. मग अक्षरं येतात: ९२ आणि त्यावर ए, ८१ ते ९१ बी, ६९ ते ८० सी, ५५ ते ६८ डी, ३९ ते ५४ ई, २१ ते ३८ एफ आणि त्याखाली जी. म्हणून नुसतं अक्षर न बघता त्याच्या शेजारचा आकडा बघा. ६८ चं घर आणि ५५ चं घर दोन्ही डीच, पण दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. उलट ६८ चा डी आणि ६९ चा सी यांत फरक असा काहीच नाही. घरमालक मात्र त्या एका गुणासाठी जीव टाकतात.

खर्च हा शब्द परत एकदा वाचा. प्रमाणपत्राच्या वरच्या बाजूचं मोठं अक्षर पैशांचं आहे, कार्बनचं नाही. कार्बनचा वेगळा उल्लेख खाली असतो. विजेचं एक युनिट गॅसच्या युनिटपेक्षा साधारण चौपट महाग धरलं जातं. त्यामुळे चांगलं बांधलेलं, पण साध्या इलेक्ट्रिक पॅनल हीटरवर चालणारं फ्लॅट डीमध्ये अडकतं आणि गॅस बॉयलर असलेलं जुनं घर त्याच्या पुढे जातं. इलेक्ट्रिक हीटिंगचं घर बघत असाल तर हे मुद्दाम लक्षात ठेवा, कारण तिथं बिलाचा फटका खरोखरच बसतो. हीट पंपाची, म्हणजे बाहेरची उष्णता खेचून आत आणणाऱ्या यंत्राची, गोष्ट वेगळी. तो एका युनिट विजेतून साधारण तीन युनिटांची ऊब देतो, म्हणून महागडी वीज असूनही तो टिकतो.

मी घरात आले की सगळ्यात जास्त वेळ भिंतींना देते. दार उघडण्याआधी रस्त्यावर उभी राहून विटांचा बांध बघते. तुम्हीही बघू शकता. सगळ्या विटा लांब बाजूनं, आडव्या लावलेल्या दिसल्या तर बहुधा ती कॅव्हिटी वॉल, म्हणजे दोन थरांची भिंत, मधे पोकळी. लांब विटांच्या मधेमधे विटेचं आखूड तोंड दिसलं तर भिंत भरीव, सॉलिड. कॉव्हेंट्री-लेस्टरकडची शंभर वर्षांपूर्वीची टेरेस घरं, म्हणजे ओळीनं एकमेकांना चिकटून बांधलेली, बहुतेक भरीव भिंतींची. १९३० च्या सुमाराची सेमी-डिटॅच्ड, म्हणजे जुळी घरं बरीचशी पोकळीची. मग दारा-खिडकीच्या कडेला टेप लावून जाडी मोजते. नंतर शोधते ती छोटी गोल भोकं. विटांमधल्या सिमेंटच्या रेघांत ठरावीक अंतरावर बोटभर रुंदीची भोकं बुजवलेली दिसली तर कुणीतरी बाहेरून ड्रिल करून पोकळीत इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, भरलं आहे.

हे एवढं का बघायचं? आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना भिंतीच्या दर चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता बाहेर जाते त्या मापाला यू-व्हॅल्यू म्हणतात. जितकी कमी तितकी चांगली. १९३० च्या सुमाराची, रिकामी पोकळी असलेली भिंत १.५ धरतात, भरलेली ०.७, आणि नऊ इंची भरीव विटांची १.७. समजा बाहेरच्या भिंती ८० चौरस मीटर, आत १८ अंश, बाहेर ६ अंश. रिकाम्या पोकळीतून १,४४० वॅट उष्णता बाहेर जात राहते, म्हणजे एक रूम हीटर सतत अंगणात चालू ठेवल्यासारखं. पोकळी भरली की ६७२ वॅट. बॉयलर तोच, माणसं तीच, पण निम्म्याहून जास्त गळती थांबली.

त्यानंतर लॉफ्ट, म्हणजे माळा. शिडी लावायची, झाकण उचलायचं, टॉर्च मारायचा आणि वाशांच्या मधे जी पिवळी किंवा राखाडी लोकर पसरलेली असते तिच्यात स्टीलची पट्टी उभी खुपसून जाडी वाचायची, फोटो काढायचा. उघडा माळा असेल तर यू-व्हॅल्यू २.३. पंचवीस मिलिमीटर लोकर असेल तर १.०. शंभर मिलिमीटरला ०.४०. आणि आजच्या शिफारशीप्रमाणे २७० मिलिमीटर असेल तर ०.१६. आकडे नीट बघा. पहिल्या शंभर मिलिमीटरनी जवळजवळ सगळं काम केलं, पुढच्या एकशे सत्तरांनी उरलेलं. घरात आधीच शंभर-दीडशे मिलिमीटर असेल आणि हातात थोडेच पैसे असतील तर मी माळ्याच्या आधी भिंती बघायला सांगते. माळा अगदी उघडा असेल तर मात्र दुसरा विचारच करू नका, त्याच्याइतकं स्वस्त आणि गुणकारी काही नाही.

बाकीचं भराभर होतं. प्रत्येक मजल्याची बाहेरची लांबी-रुंदी आणि उंची. बॉयलरचं मॉडेल, ते सरकारी यादीत सापडलं तर त्याची खरी कार्यक्षमता लागते, नाहीतर वयावरून अंदाज. भिंतीवर थर्मोस्टॅट आहे का, रेडिएटरला वेगवेगळे व्हॉल्व्ह आहेत का, टायमर आहे का. गरम पाण्याची टाकी असेल तर तिच्यावरच्या आवरणाची जाडी. बल्ब किती आणि कुठल्या प्रकारचे. १५ जून २०२५ पासून आरडीसॅपची नवी आवृत्ती लागू झाली, तेव्हापासून मला एकूणएक खिडकी मोजावी लागते; पूर्वी घराच्या वयावरून सरासरी धरली जाई. त्यामुळे आता वेळ जास्त लागतो. असेसर सगळं घर पंधरा मिनिटांत उरकून निघाला, तर त्यानं काय नोंदवलं ते तपासून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आम्हाला भिंत फोडता येत नाही, फरशी उचलता येत नाही. जे डोळ्यांनी दिसत नाही आणि ज्याचा कागद नाही, तिथं सॉफ्टवेअर घराच्या बांधकामाच्या काळावरून अंदाज बांधतं. १९०० पूर्वीचं, १९०० ते १९२९, १९३० ते १९४९, १९५० ते १९६६ असे कालखंड ठरलेले आहेत आणि जितकं घर जुनं तितका अंदाज कडक. प्रमाणपत्रात मग ‘कॅव्हिटी वॉल, ॲज बिल्ट, नो इन्सुलेशन’ असं लिहून पुढे ‘अझ्यूम्ड’, म्हणजे गृहीत धरलेलं, असं येतं. माळ्याच्या झाकणावर कपाट ठेवलेलं असेल आणि मला वर जाता आलं नाही, तर जुन्या घराच्या माळ्यात जवळपास काहीच नाही असं धरलं जातं, मग वर खरोखर फूटभर लोकर का असेना. माझ्यासमोर घरमालकीण कळवळून सांगते, “अहो, आम्हीच घातलंय ते!” माझा तिच्यावर विश्वास असतो, पण तिचं सांगणं मला नोंदवता येत नाही. ऑडिटमध्ये माझ्याकडे फोटो किंवा कागद मागतात.

म्हणून असेसर येणार असेल तर आदल्या दिवशी एवढं करा. माळ्याच्या झाकणाखालची जागा मोकळी करा. पोकळी भरल्याची २५ वर्षांची हमी असते, तिचा कागद शोधा. घर विकत घेतलं असेल तर तो सॉलिसिटरनं दिलेल्या फायलीत असू शकतो. खिडक्या बदलल्याचं फेन्साचं (खिडक्या बसवणाऱ्यांच्या नोंदणी योजनेचं) प्रमाणपत्र, कारण २००२ नंतरच्या डबल ग्लेझिंगला, म्हणजे दुहेरी काचांना, चांगले गुण मिळतात. घराला एक्स्टेंशन, म्हणजे वाढीव भाग, बांधला असेल तर बिल्डिंग कंट्रोलची (बांधकाम तपासणाऱ्यांची) मंजुरी, म्हणजे तेवढा भाग जुन्या घराच्या अंदाजात जात नाही. बॉयलरचं मॅन्युअल. फरशीखाली किंवा भिंतीच्या आतून इन्सुलेशन करून घेणार असाल तर काम झाकलं जाण्याआधी तारखेसह फोटो काढून ठेवा आणि पावती सांभाळा. जुने पिवळे बल्ब उरले असतील तर एलईडी लावा. हा सगळ्यात स्वस्त गुण.

तुम्ही घर घेणारे किंवा भाड्यानं राहणारे असाल तर तुमच्या हातात एक फार चांगलं साधन आहे आणि ते फुकट आहे. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधली सगळी प्रमाणपत्रं सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून कुणालाही बघता येतात. स्कॉटलंडची नोंदवही वेगळी आहे, तिथंही शोधता येतं. आवडलेल्या घराचा पोस्टकोड टाका आणि फक्त त्याच घराचं नव्हे, त्याच गल्लीतल्या सगळ्यांची प्रमाणपत्रं उघडा. इथं एका बिल्डरनं एकाच वेळी ओळीनं एकसारखी घरं बांधलेली असतात. मी अशी एक ओळ नेहमी लोकांना उदाहरण म्हणून दाखवते: १९३० च्या काळातली जुळी घरं, नकाशा एकच, आणि अक्षरं सी, डी, डी, ई. सीच्या घरात भिंतीपुढे ‘फिल्ड कॅव्हिटी’ लिहिलंय. ईच्या घरात भिंत रिकामी, माळा अंदाजानं धरलेला आणि दुसरं हीटिंग म्हणून इलेक्ट्रिक हीटर. म्हणजे ईचं घर घेतलं तरी त्याला सीपर्यंत न्यायला नेमकं काय करावं लागेल ते शेजारच्या घरानं दाखवून दिलंय. किंमत कमी करून मागताना हे कागद एजंटसमोर ठेवता येतात.

प्रमाणपत्रात प्रत्येक भागापुढे ‘व्हेरी पुअर’ ते ‘व्हेरी गुड’ असा शेरा असतो. तो वाचताना मी भिंत, छप्पर आणि मुख्य हीटिंग या तीन ओळींना महत्त्व देते. दिवे आणि गरम पाण्याच्या ओळी नंतर. सोलर पॅनल्स असतील तर जरा थांबून विचार करा. पॅनल्स वर्षाचा हिशेबी खर्च चांगलाच खाली आणतात, त्यामुळे अक्षर वर जातं, पण जानेवारीच्या रात्री रिकाम्या पोकळीची भिंत तितकीच गार असते. बी मिळालेल्या घरात भिंतीपुढे ‘पुअर’ लिहिलेलं मी पाहिलंय. लहान मुलं, म्हातारी माणसं घरात असतील तर अशा बीपेक्षा चांगल्या भिंतींचा सी मी घेईन.

फ्लॅटमध्ये मधल्या मजल्याचा फायदा आहे. वर-खाली आणि बाजूला शेजारी असतात, त्यांचीही घरं उबदार आहेत असं धरून तिथली गळती मोजत नाहीत. सगळ्यात वरच्या आणि कोपऱ्यातल्या फ्लॅटला ती सवलत नाही. भारतातून आलेल्यांना हे सगळं उलटं वाटतं, कारण आपली लढाई आत येणाऱ्या उष्णतेशी. भारतात २०१८ साली घरांसाठी इको निवास संहिता आली, तिच्यात थंड प्रदेश सोडून इतरत्र भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॅटच्या वर जाऊ नये अशी मर्यादा आहे. भिंत, खिडकी, दिशा यांचं गणित तिथंही असंच मांडतात, फक्त बाण आतल्या दिशेनं.

प्रमाणपत्रात या शेऱ्यांच्या खाली शिफारशींची यादी येते. प्रत्येक पायरीपुढे अंदाजे खर्च, वार्षिक बचत आणि ते काम केल्यावरचा आकडा असतो. तो आकडा वरची सगळी कामं झाली असं धरून दिलेला असतो. म्हणजे चौथ्या पायरीचं सोलर एकटं लावलं तर तिथं लिहिलेलं अक्षर मिळेलच असं नाही. आणि एक गोष्ट ईपीसी अजिबात तपासत नाही: ओल. आपल्या घरांत रोज कुकरच्या शिट्ट्या होतात, डाळ-भात उकळतो, कपडे रेडिएटरवर वाळतात. घर बंदिस्त केलं आणि वाफ बाहेर काढली नाही तर कोपऱ्यांत काळी बुरशी धरते. इन्सुलेशनबरोबर स्वयंपाकघरातला आणि बाथरूममधला एक्स्ट्रॅक्टर फॅन बाहेर हवा फेकतोय ना ते बघा, खिडकीच्या वरच्या पट्टीतली छोटी झडप उघडी ठेवा. भिंतीत आधीच ओल असेल, किंवा ती सतत पावसाचा मारा खाणारी असेल, तर ओलीचं कारण दूर केल्याशिवाय पोकळी भरू नका.

भाडेकरूंसाठी कायद्याचं थोडक्यात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ एप्रिल २०१८ पासून नव्या भाडेकरारासाठी आणि १ एप्रिल २०२० पासून चालू करारांसाठीही घराला किमान ई लागतो. एफ किंवा जी असेल तर घरमालकानं सुधारणा करायची, साडेतीन हजार पौंडांपर्यंतचा खर्च करायचा आणि तरीही जमलं नाही तर सूट रीतसर नोंदवायची. तशी नोंद न करता एफचं घर भाड्यानं दिलं असेल तर काउन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, तक्रार करता येते. प्रमाणपत्र मागायचा तुम्हाला हक्क आहे आणि ते फुकट द्यावं लागतं.

प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. म्हणून तारीख बघितल्याशिवाय अक्षरावर विसंबू नका. आठ वर्षांपूर्वीच्या कागदात नवा बॉयलर नसेल, भरलेली पोकळी नसेल. किंवा तेव्हाचं हिशेबाचं माप वेगळं असल्यामुळे आज त्याच घराला दुसरा आकडा येईल. काम करून घेतलं असेल तर दहा वर्षं थांबायची गरज नाही, नवं करून घेता येतं आणि नोंदवहीत नवं पुढे येतं.

चूक सापडली तर गप्प बसू नका. आधी क्षेत्रफळ ताडून पाहा, मग भिंतीचा प्रकार, माळ्याची जाडी आणि हीटिंगचं इंधन, कारण चुका बहुतेक या चारच ठिकाणी असतात. असेसरचं नाव आणि त्याच्या मान्यताप्राप्त संस्थेचं नाव प्रमाणपत्राच्या शेवटी छापलेलं असतं. पहिल्यांदा असेसरला लिहा, सोबत फोटो किंवा कागद जोडा. त्यानं दाद दिली नाही तर त्या संस्थेकडे तक्रार करा, तिच्याकडे आमची सगळी टिपणं आणि फोटो मागवायचा अधिकार असतो.